चाकांवरची करवत

आपल्यापैकी अनेकांचा सुतारकामाचा कारखाना म्हणजे घराची बाल्कनी, नाहीतर पार्किंगमधला स्कूटरशेजारचा कोपरा. तिथे टेबल सॉ कायमची मांडून ठेवता येत नाही. मग तिला चाकांची गाडी करायची. हे सगळ्यांनाच सुचतं, आणि सगळे गाडी सहज कशी सरकेल ते पाहतात. मी आज आग्रहाने सांगायला आलोय ते याच्या उलट आहे: कापताना ती गाडी तसूभरही हलता कामा नये.

१० इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. पात्याचे पुढचे दाते फळी खाली टेबलावर दाबतात. मागचे दाते मात्र वर येत असतात. गाडी सरकली, फळी जराशी तिरकी झाली, की हे मागचे दाते तिला उचलून थेट आपल्या अंगावर फेकतात. हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

बाजारात ब्रेकची चाकं मिळतात. पण त्यांतल्या बऱ्याच चाकांचं फिरणं तेवढं थांबतं; वरची खोबण वळत राहते आणि गाडी डुलते. म्हणून मी एकाच बाजूला दोन न वळणारी चाकं लावतो, तीही जमिनीपासून ३-४ मिलिमीटर वर. दुसऱ्या बाजूला दांडा. दांडा उचलला की चाकं टेकतात आणि हातगाडीसारखं नेता येतं. खाली ठेवला की सगळा भार चार पायांवर. पायांना १२ मिलिमीटरचे बोल्ट बसवा. साध्या आट्यांच्या बोल्टला एक फेरा दिला की पाय पावणेदोन मिलिमीटर वरखाली होतो. पाणी वाहून जावं म्हणून बाल्कनीला उतार असतोच, तिथे ही सोय लागते. मग पाणसळ ठेवून बघा.

सांगाडा १८ मिलिमीटर प्लायचा करा आणि पाठीला अख्खा प्लाय मारा, नाहीतर तो आडवा झुलतो. उंची स्वयंपाकाच्या ओट्याइतकी. खण, खुंट्या ज्याने त्याने हौसेप्रमाणे.

खरी मेहनत पात्याच्या मागे घ्या. तिथे बिजागऱ्यांवर दुमडणारी फळी हवी, खाली टेकू देऊन, करवतीच्या टेबलापेक्षा एखादा मिलिमीटर खाली. वर राहिली तर लाकूड तिच्या कडेला अडतं. फळीच नसेल तर कापलेलं लांब लाकूड खाली झुकतं, आपण ते सावरायला पात्यावरून वाकतो, आणि अपघात तिथेच होतो. आठ बाय चारचा अख्खा प्लाय मात्र या गाडीवर चढवू नका. तो आधी जमिनीवर पट्ट्या टाकून हातमशीनने फाडून घ्या.

आणि शेवटी एक विनंती. आपल्याकडे कटर मशीन प्लायखाली उलटं बसवून त्याचीच टेबल सॉ करतात. पैसे वाचतात, मान्य. पण लाकूड कापताना चीर मिटू लागते आणि पात्याला आवळते. ती उघडी ठेवणारी पात्यामागची पात या जुगाडात नसते. असं यंत्र कुणाच्या घरी असेल, तर आज घरी गेल्यावर त्याचा प्लग काढून ठेवा. ती पात बसेपर्यंत त्यावर एकही फळी घालू नका.