शाळा घराच्या उंबऱ्यापासून सुरू होते

(शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधी, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावर पालक सभेत केलेले भाषण)

आजी-बाबा, दादा, ताई, आणि तिकडे झाडाखाली बसलेल्या माझ्या मुलांनो,

पेरणीच्या घाईत तुम्ही वेळ काढून आलात, म्हणून पहिल्यांदा तुमचे आभार. मी जास्त वेळ घेणार नाही.

दरवर्षी जून आला की आम्ही तुमच्याकडे येतो आणि ठरलेले प्रश्न विचारतो. दप्तर आहे का? वह्या किती लागतील? गणवेश झाला का? आधार कार्ड, जातीचा दाखला जोडला का? हे सगळे आम्ही वहीत लिहून घेतो. पण इतक्या वर्षांत एक प्रश्न आम्ही विचारलाच नाही. तुमचे मूल शाळेत कोणत्या वाटेने जाणार आहे, आणि त्याच्या सोबत कोण असणार आहे?

हा प्रश्न मला एका मुलीने शिकवला. तिचे नाव सांगत नाही. पाचवीपर्यंत पाड्यावरच्या शाळेत ती हुशार होती. पाढे तर धडाधड म्हणायची. सहावीला मोठ्या गावच्या शाळेत नाव घातले. आम्ही तिला वह्या दिल्या, दप्तर दिले, आणि आमच्या यादीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली. ऑगस्टमध्ये कळले की ती महिनाभर शाळेत गेलीच नाही. मला वाटले, लग्न ठरवले असेल किंवा निंदणीला नेत असतील. मी जरा रागातच तिच्या घरी गेलो.

तिची आई म्हणाली, "दादा, शाळेला आमची ना नाही. पण बरोबरच्या दोघी आश्रमशाळेत गेल्या. ही एकटी राहिली. मध्ये नाला आहे. पुलाजवळ मोटारसायकलवाली पोरं बसलेली असतात. मी सकाळी सहाला मजुरीला जाते. सांगा, कोणाच्या भरवशावर पाठवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही वह्या मोजल्या होत्या, वाट मोजली नव्हती. त्या मुलीचे एक वर्ष घरी गेले, आणि त्यात आमचीही चूक होती. आज तुमच्यासमोर उभा आहे तो ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईबरोबर त्या वाटेने चाललो. माझ्या पायांनी पन्नास मिनिटे लागली. मोटारसायकलवरून गेलो असतो तर दहा मिनिटांत पोचलो असतो आणि मला काहीच दिसले नसते. चालताना तीन जागा दिसल्या. पहिला नाला. दुसरा डांबरी रस्ता, जिथे वळणावर बाभळी वाढल्यामुळे समोरचे वाहन दिसत नव्हते. तिसरा तो पूल. बाकी सगळी वाट चांगली होती. म्हणजे मुलीची शाळा या तीन जागांनी बंद पाडली होती, आणि तिन्ही जागांवर उपाय होता.

म्हणून माझी पहिली विनंती. शाळा उघडायच्या आधी एक दिवस तुमच्या मुलाबरोबर शाळेपर्यंत चालत जा. तुम्ही पुढे होऊ नका, मुलाला पुढे चालू द्या. ते कुठे रस्ता ओलांडते, कुठे पळते, कुठे घाबरते ते मागून बघा. जिथे घाबरते, तिथे थांबून बोला.

आता आपल्या भागातल्या धोक्यांविषयी.

पहिला धोका पाण्याचा. आपले नाले आठ महिने कोरडे असतात, म्हणून मुलांना त्यांची भीती वाटत नाही. पण डोंगरात पाऊस झाला की इथे ऊन असतानासुद्धा पाणी येते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तुमच्याकडे हे ज्ञान आहे, ते मुलांना द्या. पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या, पाला, फेस वाहून येऊ लागला, वरच्या अंगाने घरघर ऐकू आली, की मागे फिरायचे. फरशीवरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढे दिसले तरी त्यात पाय घालायचा नाही. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली, ते दिसत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या दिवशी शाळा बुडाली तर मुलाला कोणी रागावू नका. घरच्यांच्या आणि गुरुजींच्या रागाला घाबरून मुले पाण्यात उतरतात. "पाणी आले तर परत ये, मी काही बोलणार नाही," असे आजच सांगून ठेवा. गुरुजींनाही आपण तसे सांगू.

पावसाळ्यातच साप निघतात. कपाशीच्या, ज्वारीच्या, केळीच्या बांधावरून जाताना पायात काहीतरी हवे आणि हातात काठी हवी. गवतात हात घालायचा नाही. साप चावलाच, तर कापणे, घट्ट आवळणे, चोखणे यातले काही करू नका. मुलाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी दवाखान्यात न्या. भगताकडे नेण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

दुसरा धोका रस्त्याचा. ४ जुलै २०२३ ला आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ, मुंबई-आग्रा महामार्गावर एक ट्रक वाहनांना धडकून हॉटेलात घुसला. थांब्याजवळ गाडीची वाट बघणारी माणसेही त्यात सापडली. किमान दहा जणांचा जीव गेला. त्या माणसांची काय चूक होती? काहीच नाही. पण आपण त्यातून एवढे तरी शिकू की गाडीची वाट बघताना रस्त्याच्या कडेला उभे राहायचे नाही. चांगले मागे सरकून, झाडाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला उभे राहायचे आणि गाडी पूर्ण थांबल्यावरच पुढे यायचे.

आपल्याला लहानपणी "डाव्या बाजूने चाला" असे शिकवले. वाहनांसाठी ते बरोबर आहे. पण जिथे पायवाट नाही, तिथे पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने चालावे. म्हणजे समोरून येणारे वाहन डोळ्यांना दिसते आणि बाजूला होता येते. डावीकडून चाललो तर वाहन पाठीमागून येते.

आता एक हिशेब ऐका. ताशी साठच्या वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे येते. लहान मुलाला डांबरी रस्ता ओलांडायला सहा-सात सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी शंभर मीटरपेक्षा जास्त जवळ आलेली असते. म्हणजे लांब दिसणारी गाडी मुलाला वाटते तेवढी लांब नसते. म्हणून नियम सोपा ठेवा. गाडी दिसत असेल तर थांबायचे. ती जाऊ द्यायची, तिच्या मागे दुसरी नाही ना ते बघायचे, मग सरळ चालत ओलांडायचे. पळायचे नाही. उभ्या ट्रॅक्टरच्या किंवा एसटीच्या पुढून कधीच निघायचे नाही, कारण मूल उंचीने लहान असते, पलीकडच्या चालकाला ते दिसतच नाही.

तिसरा धोका माणसांचा. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई फुले मुलींना शिकवायला निघाल्या, तेव्हा त्यांच्यावर शेण-माती फेकली गेली ती रस्त्यावर. आजही मुलींची परीक्षा आधी रस्त्यावर होते, मग वर्गात. मुलीने घरी येऊन काही सांगितले, तर "उद्यापासून घरी बस" हे पहिले उत्तर देऊ नका. तसे म्हटले की ती पुढच्या वेळी काहीच सांगणार नाही, आणि त्रास देणारा मोकळा राहील. तिचे ऐकून घ्या, गुरुजींना सांगा, पोलीस पाटलांना सांगा. मुलांसाठी १०९८ आणि कोणत्याही संकटात ११२ हे दोन नंबर फुकट लागतात. प्रत्येक मुलाला ते तोंडपाठ हवेत.

या तिन्ही धोक्यांवर एक मोठा उपाय आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. तो म्हणजे मुलांनी एकत्र चालणे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंग्लंड अशा श्रीमंत देशांतही काही गावांत मुले रांगेने पायी शाळेत जातात. पुढे-मागे मोठे माणूस असते, थांबे आणि वेळ ठरलेली असते. तिथे याला चालती शाळाबस म्हणतात. आपल्याकडे गुरे राखायला आळीपाळी असते ना, तशीच ही आळीपाळी.

सकाळी ठरलेल्या वेळी एका झाडाखाली जमायचे. निघताना मोजायचे, शाळेत पोचल्यावर मोजायचे, परतताना पुन्हा मोजायचे. मोठ्या वर्गातले एक मूल पुढे, लहान मुले मध्ये, मोठे माणूस सर्वांत मागे. डांबरी रस्त्यावर एकामागे एक. ओलांडताना सगळे एकदम. कोणी आले नाही, तर त्याच्या घरी निरोप.

तुम्ही म्हणाल, आम्ही मजुरीला जातो, दिवाळीनंतर काही जण ऊसतोडीला, कपाशी वेचायला बाहेर जातात, कोण येणार? खरे आहे. पण दहा घरे एकत्र आली तर एका घराची पाळी दहा शाळेच्या दिवसांत एकदाच येते. त्या दिवशी आजोबा येऊ शकतात, आजी येऊ शकते. खाली तापीकाठच्या एका वस्तीतली आजी मला म्हणाली होती, "पोरगी घर उनी का मंग मना जीवमा जीव येस." मी तिला म्हटले, मग आजी, तिच्याबरोबरच जा ना. ती खरेच जाऊ लागली. आता मुले तिच्याकडून वाटेत गोष्टी ऐकतात.

काही गोष्टी मात्र आपल्या हातच्या नाहीत, त्या मागायच्या असतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. नसेल, तर मुलांच्या ये-जा करण्याची सोय करणे सरकारचे काम आहे. २०१७ च्या अखेरीस राज्यात दहापेक्षा कमी मुले असलेल्या १३०० हून जास्त शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवायचे ठरले होते. कागदावरचे "जवळ" आणि मुलाच्या पायांचे "जवळ" यांत मध्ये नाला असला की फार फरक पडतो. तो फरक आपणच सांगायला हवा.

सांगायची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात चारपैकी तीन सदस्य पालक असतात, आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तिथे बाभळी तोडण्याचा, गतिरोधकाचा, फरशीला कठडा बसवण्याचा विषय लिहून द्या. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडा. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे, त्याचा अर्ज शाळेतून भरा. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी निळ्या बस आणि सायकली आहेत. आपल्या मुलींना त्या मिळतात का, हे मुख्याध्यापकांना विचारा. अर्ज लिहायला आमचे कार्यकर्ते बसतील.

शेवटी मुलांनो, तुम्हाला एक गोष्ट. चालण्याला घाबरू नका. तुमचे पाय डोंगराचे आहेत. चालत शाळेत जाणे यात लाज नाही. फक्त एकटे जाऊ नका, आणि मागे राहिलेल्या लहान मित्राला टाकून पुढे पळू नका.

त्या मुलीचे काय झाले, ते सांगून थांबतो. तिच्या पाड्यावर नऊ मुलांची रांग तयार झाली. बाभळी गावातल्या तरुणांनीच एका रविवारी तोडल्या. सरपंच दोनदा पुलाजवळ जाऊन बसले, तेव्हापासून मोटारसायकली तिथे थांबत नाहीत. नाल्याला पाणी असेल त्या दिवशी रांग निघत नाही, गुरुजी समजून घेतात. मुलगी पुन्हा सहावीत बसली आणि पास झाली. आता ती रांगेच्या पुढे असते आणि मोजण्याचे काम तिच्याकडे आहे.

या पाड्यावरून यंदा चौदा मुले मोठ्या गावच्या शाळेत जाणार आहेत. मी आज वह्यांची यादी आणलेली नाही, ती उद्या करू. आज एक कोरा कागद आणला आहे. सोमवारच्या पाळीला कोण जाणार, तेवढे नाव मला सांगा. तिथून सुरुवात करू.