एक उमेदवार, दोन बटणं

कावेरीकाठी, कुंभकोणममध्ये मराठीत बोलायला मिळतंय, याचा आनंद आहे. आज विषय मतदानयंत्राचा.

इथून पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात पापनाशम लागतं. २०२१ मध्ये तिथून एम. एच. जवाहिरुल्ला आमदार झाले. ते मनिदनेय मक्कळ कच्ची या छोट्या पक्षाचे नेते. पण यंत्रावर त्यांच्या नावासमोर होता द्रमुकचा उगवता सूर्य आणि सरकारी निकालातही ते द्रमुकचेच. त्यांच्या मतांत त्यांच्या पक्षाची किती? कुणीच सांगू शकत नाही. आपल्या महाराष्ट्रातही छोटे पक्ष मोठ्या मित्राच्या चिन्हावर लढतात, तेव्हा हेच होतं.

याची किंमत काय? दुसरा पक्ष बघा, व्हीसीके. २०१९ ला त्यांचे रविकुमार विळुप्पुरममधून सूर्यावर जिंकले. २०२४ ला तेच रविकुमार पक्षाच्या मडक्यावर जिंकले, चिदंबरममधून तिरुमावळवनही मडक्यावरच. राज्यपक्ष होण्याची एक अट अशी: लोकसभेच्या दर २५ जागांमागे किंवा उरलेल्या भागामागे एक खासदार. तमिळनाडूत जागा ३९, म्हणजे खासदार दोन हवेत. जानेवारी २०२५ मध्ये व्हीसीकेला मान्यता मिळाली. एक जण सूर्यावर उभा असता, तर हिशेबात खासदार एकच धरला असता.

न्यूयॉर्कमध्ये वेगळी रीत आहे. तिथे एकच उमेदवार दोन पक्षांच्या रांगांत असतो. मतदार हवी ती रांग निवडतो, उमेदवाराची मतं एकत्र होतात आणि पक्षांचा हिशेब वेगळा राहतो.

पण २०१० मध्ये तिथे जुनी लीव्हरची यंत्रं जाऊन कागद स्कॅन करणारी यंत्रं आली. लीव्हर एकच ओढता यायचा. कागदावर मात्र त्याच उमेदवाराला दोन्ही रांगांत खूण करता येते. मत एकच मोजलं जायचं आणि ते जायचं आधी छापलेल्या पक्षाला, म्हणजे बहुधा मोठ्याला. मतदाराला इशाराही मिळत नसे. त्याच वर्षी छोटे पक्ष कोर्टात गेले.

आता आपलं यंत्र बघा. मतदान अधिकारी कंट्रोल युनिटवरचं 'बॅलट' बटण दाबतो, मतदार एक बटण दाबतो आणि यंत्र बंद होतं. दुहेरी खूण शक्यच नाही. शिवाय कंट्रोल युनिटला पक्ष कळत नाही आणि माणूसही कळत नाही. त्याला कळतो फक्त क्रमांक. त्यामुळे एका उमेदवाराला दोन बटणं द्यायची झाली, तरी त्यातला प्रोग्राम बदलावा लागणार नाही. एका बॅलट युनिटवर १६ बटणं असतात आणि गरजेप्रमाणे युनिटं जोडता येतात. व्हीव्हीपॅटमध्ये प्रत्येक क्रमांकाचं नाव आणि चिन्ह भरायचं. चिठ्ठीवर चिन्ह येतंच, म्हणून पडताळणीही होते.

खरं काम आहे मोजणीच्या टेबलावर. समजा, अ ला एका बटणावर ४०० आणि दुसऱ्यावर १५० मतं आहेत. ब ला ५००. यंत्राच्या पडद्यावर ब पुढे दिसेल, पण जिंकला अ. बाहेर जमलेल्या कार्यकर्त्यांना हे समजावणार कसं?

माझं म्हणणं एवढंच, की ही बेरीज सॉफ्टवेअरमध्ये दडवू नका. कोणते दोन क्रमांक एका माणसाचे, याचा तक्ता मतदानाआधी छापा, प्रतिनिधींच्या सह्या घ्या आणि प्रत्येक फेरीला दोन्ही आकडे व बेरीज फळ्यावर लिहा. पेन्सिल घेऊन बसलेल्या काउंटिंग एजंटला पडताळता आली, तरच ती बेरीज खरी.

अर्थात, आज आपल्याकडे एका उमेदवाराला एकच चिन्ह मिळतं. आधी नियम बदलावे लागतील. एकच नाव, एकच फोटो दोनदा दिसला तर मतदार गोंधळेल, मोठ्या आघाड्या यादीभर पसरतील, हे आक्षेपही खरे आहेत. त्यावर जरूर भांडूया. फक्त 'यंत्राला जमणार नाही' हे कारण कुणी दिलं, तर ते मानू नका. यंत्राला जमतं. ठरवायचं आपल्याला आहे.