यंत्रविद्या आणि सानगडीचा विद्यार्थी

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यांतील सानगडी हें किल्ल्याचें आणि धानाचें गांव. अशा गांवांतील दहावीच्या मुलानें ‘मला मेकॅनिकलला जावयाचें आहे’ असें म्हटलें, कीं घरांत पहिला प्रश्न नोकरीचा निघतो. तो रास्तही आहे. दोन-चार एकर धानावर संसार चालविणाऱ्या बापास चार वर्षांचें शुल्क ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तेथें शिकावयाचें तरी काय, हें आधीं समजावयास हवें.

त्यासाठीं धानाची गिरणी पाहावी. तींत रबराचे दोन रूळ समोरासमोर उलट दिशांनीं फिरतात. पण एकाचा वेग दुसऱ्याहून अधिक असतो. या फरकामुळें दाण्यावर घसट येते, तूस सुटतें आणि तांदूळ बहुधा अखंड राहतो. रुळांमधील अंतर फार कमी झालें तर कणी वाढते, अधिक झालें तर धान तसेंच बाहेर पडतें. रबर कधीं झिजेल, पट्टा कां घसरतो, बेअरिंग कां तापतें, हें मिस्त्री अनुभवानें ओळखतो. अभियंत्यास तें गणितानें आधींच सांगतां आलें पाहिजे. धानाच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा तूसच असतें. तें जाळून वाफ करावयाची म्हटलें, कीं पुस्तकांत रुक्ष वाटणारी उष्मागतिकी समोर उभी राहते.

आतां शिक्षणाच्या वाटा. आय.टी.आय.मध्यें फिटर, टर्नर यांसारखे व्यवसाय शिकून हात लवकर मिळवता होतो. बारावी विज्ञान होऊन, प्रवेशपरीक्षा देऊन चार वर्षांची पदवी घेतां येते. नागपूरची विश्वेश्वरय्यांच्या नांवाची संस्था १९६० पासून हें शिक्षण देत आहे. बेताच्या घरास मात्र दहावीनंतरची तीन वर्षांची पदविकाच अधिक सोयीची. साकोलीसच शासकीय तंत्रनिकेतन आहे. पदविकेनंतर नोकरी धरतां येते, आणि पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षांत प्रवेशाचें दारही उघडें राहतें. गणित कच्चें असेल, तर तें वर्ष जड जातें, एवढें ध्यानांत ठेवावें.

जिल्ह्यांत जवाहरनगरची आयुध निर्माणी, वरठीचा पोलाद कारखाना, गडेगांवचा अशोक लेलँडचा कारखाना आणि मँगनीजच्या खाणी आहेत. पण त्यांत सर्वांची सोय लागणें नाहीं. २०१३ सालीं साकोलीजवळ मुंडीपार येथें भेलच्या कारखान्याची कोनशिला बसली, तरुणांच्या आशा वाढल्या. पुढें दहा वर्षें लोटलीं तरी कारखाना उभा राहिला नाहीं. त्यामुळें नागपूर-बुटीबोरी किंवा पुणें-चाकणपर्यंत जाण्याची तयारी प्रवेश घेतांनाच ठेवावी लागते.

मुलींना ही विद्या झेपत नाहीं, ही समजूत मात्र निव्वळ आळसाची. घण मारणें हा या धंद्याचा अगदीं लहान भाग. संगणकावरील यंत्ररचना, मालाची तपासणी, उत्पादनाची आंखणी हीं कामें बुद्धीचीं आणि चिकाटीचीं आहेत. साकोलीचें तंत्रनिकेतन भावाला जितकें जवळ, तितकेंच बहिणीलाही.