बदली: लालबागच्या गेटवरून कायद्याच्या इंग्रजीत

लोकलच्या दारात लटकत ऐकत असाल तर आधी आत सरका, मग ऐका.

इंग्रजीतले आडवाटेचे शब्द आणि आडनावं, त्यांची कुळं शोधायची, हा आपला उद्योग. इंग्रजी 'मंगूस' आपल्या मुंगसावरून गेला, नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीवरून 'डुलाली', म्हणजे डोकं फिरलेला, असा शब्द तिकडे रुजला. आज मात्र मुंबई सोडायची नाही.

सुरुवात डोंगरीपासून. लहान मुलांना घालतात ती खांद्यावर पट्टे असलेली डंगरी माहितीये ना? कोशात उगम बघा. डोंगरी किल्ल्याच्या आसपास विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड, त्याचं नाव डुंगरी. सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदांत ते सापडतं. त्याची शिडं झाली, तंबू झाले, मग खलाशांच्या आणि मजुरांच्या विजारी झाल्या. आता तोच शब्द लोअर परळच्या मॉलमध्ये काचेमागे टांगलेला असतो, आणि तो मॉल उभा आहे फिनिक्स मिलच्या जागेवर. कापडाची गिरणी गेली, कापडाचं नाव परत आलं.

आडनावांत मुंबईच्या पारशांचा हात कोण धरणार? दादर पारशी कॉलनीत वाढलेले क्रिकेटर फारुख इंजिनिअर. दुसरे क्रिकेटर नरी कॉन्ट्रॅक्टर. (मी बी.टेक. आहे, पण माझ्या आडनावात इंजिनिअर नाही. आईला याची खंत आहे.) जमशेटजी जीजीभॉय यांनी रिकाम्या बाटल्यांचा धंदा केला, म्हणून लोक त्यांना बाटलीवाला म्हणायचे. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे सर कावसजी जहांगीर यांचं घराणं. इंग्रज व्यापाऱ्यांना अडीनडीला रोख पैसे पुरवायचे, म्हणून आडनावच पडलं रेडीमनी.

पैसा पुरवणाऱ्याचं आडनाव झालं. घाम पुरवणाऱ्याला काय नाव मिळालं?

डोंगरीहून उत्तरेला निघा. भायखळा ओलांडलं की लालबाग, परळ, म्हणजे गिरणगाव. (गिरगाव वेगळं, ते डोंगराच्या, गिरीच्या पायथ्याचं गाव. हे गिरण्यांचं.) इथल्या माणसांचा शब्द आहे 'बदली'. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी घेतात तो बदली. माझे आजोबा साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, कित्येक वर्षं बदलीच होते. भोंग्याआधी गेटवर उभं राहायचं. कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर परत खोलीवर. आजी सांगायची, डबा भरायचा की नाही हेच सकाळी कळायचं नाही.

आधी कुणाला आत घ्यायचं ते जॉबर ठरवायचा, आणि त्यात चिरीमिरी चालायची. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कार्डांची पद्धत आणली. रोज हजेरी लावणाऱ्या कार्डवाल्याला आधी काम. म्हणजे काम नसलं तरी रोज यायचंच.

आणि मग हा शब्द थेट कायद्याच्या इंग्रजीत गेला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कलम २५-सी घातलं. गिरणीने कामगाराला काही काळ काम दिलं नाही, तर मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई. कोणाला? मस्टरवर नाव असलेल्या, वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला. आणि कंसात, 'बदली' आणि नैमित्तिक कामगार सोडून. इंग्रजी मसुदा करणाऱ्यांनी या माणसासाठी आपलाच शब्द घेतला, रोमन लिपीत. खाली व्याख्याही दिली. बदलीने एक वर्ष सलग सेवा भरली की या कलमापुरता तो बदली राहत नसे. पण जो रोज दुसऱ्याच्या गैरहजेरीवर जगतो, त्याचं वर्ष भरणार कसं?

आता कूळ बघा. बदली अरबी 'बदल'वरून आलेला. एकाच्या जागी दुसरं. त्याच धातूवरून आपल्याकडे आणखी एक शब्द आहे: मोबदला. सख्खे भाऊ! कायद्याने एका भावाला दुसऱ्याच्या घरात येऊ दिलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढीचं सगळ्यांना आठवतं. बदली कामगारांना कायम करा, हीही त्यात मागणी होती, ती फारशी कोणी सांगत नाही. मला तर ती जास्त महत्त्वाची वाटते.

माझ्या ओळखीतला एक मुलगा एका आयटी कंपनीत तीन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर आहे. काम तेच, कोड तोच, फक्त गळ्यातल्या आयडीच्या पट्ट्याचा रंग वेगळा. कंपनी त्याला 'रिसोर्स' म्हणते. आजोबा असते तर म्हणाले असते, अरे, हा तर बदली!

तुमच्या घरात कोणाचं जुनं बदली कार्ड असेल, तर त्यावर काय छापलंय ते वाचून व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात 'मस्टर' घेऊ. त्याचं आणि 'मॉन्स्टर'चं लॅटिन कूळ एकच आहे.