यकृताचा तुकडा, मानेतून

कावीळ झाली, आठ-दहा दिवसांत रुग्ण असंबद्ध बोलू लागला, रक्त गोठेनासं झालं, की डॉक्टर म्हणतात, यकृत निकामी होतंय. मग घरचे विचारतात, "तुकडा काढून तपासायचा का?"

बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच असतं. हिपॅटायटिस ए, बी किंवा ई असेल तर ते रक्ततपासणीत कळतं. पॅरासिटामॉलचा अतिरेक चौकशीतही उघड होतो. शिवाय रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतातच तयार होतात. ते घटलेले असताना बरगड्यांमधून सुई घालणं म्हणजे पोटात रक्तस्राव ओढवून घेणं.

पण कारण सापडतच नसेल तर? तेव्हा मानेतल्या शिरेतून बारीक नळी, हृदयाच्या उजव्या कप्प्यातून, यकृताच्या शिरेपर्यंत नेतात आणि आतूनच तुकडा घेतात. रक्त आलंच तर बहुधा शिरेतच परततं. युक्ती मोठी नामी! स्वतःचीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटलेली दिसली, तर स्टेरॉइडचा विचार होतो. कर्करोग यकृतभर पसरलेला निघाला, तर प्रत्यारोपणाचा बेतच रद्द करावा लागतो.

तुकडा असतो साऱ्या यकृताच्या जेमतेम 50,000व्या भागाएवढा, आणि नुकसान सगळीकडे सारखं नसतं. म्हणून यकृत किती वाचलंय, हे एकट्या तुकड्यावरून ठरवत नाहीत.

काविळीच्या रुग्णाला गुंगी येऊ लागली, तर कुठल्याही अहवालासाठी थांबू नका. प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयात त्याला लगेच हलवा.