४४३ च्या पलीकडचा आकडा



एकाच लॅपटॉपवर दोन वेगळे ब्राउझर उघडा आणि दोन्हींत एकाच वर्तमानपत्राचं संकेतस्थळ लावा. इकडे क्रिकेटची बातमी, तिकडे अग्रलेख. दोन्ही उत्तरं एकाच सर्व्हरकडून येतात, तुमच्या एकाच आयपी पत्त्यावर येतात, तरी अग्रलेख चुकून क्रिकेटच्या खिडकीत उगवत नाही. ही वाटणी आयपी पत्ता करत नाही. पाकीट यंत्रापर्यंत आणून सोडलं की त्याचं काम संपतं. यंत्रातल्या नेमक्या प्रोग्रामपर्यंत ते पोचतं पोर्ट क्रमांकामुळे.

हा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ० ते ६५५३५. त्यातले सुरक्षित संकेतस्थळांचा ४४३, मेलच्या एसएमटीपीचा २५, डीएनएसचा ५३ हे आकडे विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतात आणि तिथेच थांबतात. मला हे मोठं नुकसान वाटतं. ४४३ ठरलेला असतो, कारण सर्व्हरकडे जायचं तर तो आधीच माहीत हवा. पण निघताना ब्राउझरलाही ऑपरेटिंग सिस्टिम एक तात्पुरता आकडा देते: समजा एकाला ५१५१४, दुसऱ्याला ५१५२०. उत्तर धाडताना सर्व्हर फक्त उलटापालट करतो, ४४३ कडून ५१५१४ कडे. दोन पत्ते आणि दोन पोर्ट, या चौघांनी मिळून टीसीपीची एक जोडणी ओळखली जाते. म्हणून तर सर्व्हरच्या एकट्या ४४३ वर हजारो माणसं एकाच वेळी बिनघोर बोलू शकतात.

ठरलेल्या आकड्यांची नोंदवही सुरुवातीला जॉन पोस्टेल सांभाळत. पुढे ते काम आयाना या नावाने चालू लागलं. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये टाटू युलोनेन यांनी विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेल्यावर दूरचं यंत्र सुरक्षितपणे हाताळू देणारं एसएसएच लिहिलं. एफटीपी २१ वर, टेलनेट २३ वर, आणि एसएसएचला या दोघांची जागा घ्यायची होती. मधला २२ मोकळा होता. त्यांनी आयानाला साधी ईमेल करून तो मागितला आणि तिथल्या जॉयस रेनल्ड्स यांनी तो देऊनही टाकला. जगभरचे सर्व्हर आज त्याच आकड्यावरून हाताळले जातात.

तात्पुरत्या आकड्यावर तर आता दुप्पट भार आहे. आयपीव्ही४ चे पत्ते अपुरे पडले, म्हणून घरातले सगळे फोन राउटरच्या एकाच सार्वजनिक पत्त्याआडून बाहेर पडतात. कुठलं उत्तर कुणाचं, हे राउटर आपल्या तक्त्यातल्या पोर्टवरून ओळखतो.

एक मात्र ठामपणे सांगतो: पोर्ट म्हणजे कुलूप नव्हे. एसएसएच २२ वरून २२२२ वर हलवलं तर आंधळेपणाने ठोकणारे कमी होतील, पण शोधणारा सगळे ६५ हजार पोर्ट तपासू शकतो. सुरक्षेसाठी चावी लागते, फायरवॉल लागते.

घरी गेल्यावर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट -एन ही आज्ञा रोमन लिपीत लिहून चालवा. स्थानिक आणि परका असे दोन रकाने दिसतील. परक्या रकान्यात ४४३ शोधा आणि त्याच ओळीत डावीकडचा आकडा आवर्जून वाचा.