जावरचं सरपण



पत्रिकेवर विषय छापलाय ‘जावरच्या खोऱ्यातील जस्ताच्या खाणी’. मी बोलणार आहे सरपणावर. ज्यांना उठायचंय त्यांनी आत्ताच उठावं, मी मनाला लावून घेणार नाही. (हशा)

उदयपूरच्या दक्षिणेला, अरवलीत, टिडी नदीकाठी जावर आहे. महाराणा लाखांच्या काळातली भरभराट, महाराणा कुंभांची लेक रमाबाई हिने बांधलेलं मंदिर, ब्रिस्टलच्या चॅम्पियनचं जस्त गाळण्याचं १७३८चं पेटंट आणि त्याच्या कितीतरी आधी इथे निघणारं जस्त, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पुढे जातो.

जस्ताची खोड अशी, की ९०७ अंशांना ते उकळतं आणि खनिजातून सुटायला ताव त्याहून जास्त लागतो. म्हणजे धातू हाती यायच्या आत त्याची वाफ. उघड्या भट्टीत ती हवेला लागली की पुन्हा भस्म. म्हणून जावरवाल्यांनी वाफ खाली उतरवली. वांग्याच्या आकाराची मातीची मूस. रसशास्त्रात तिला वृंताकमूषा म्हणतात. तिच्यात भाजलेल्या खनिजाच्या गोळ्या भरायच्या, तोंडाला मातीची नळी लावायची आणि उलटी बसवायची. मसाला सांडू नये म्हणून मधोमध काडी. ताव चढला की काडी जळते, तिच्या जागी वाफेला वाट होते. अशी ३६ वांगी एका भट्टीत, आणि ओळीने सात भट्ट्या. आमची ही म्हणाली, एवढी भरली वांगी म्हणजे लग्नघरच की! (हशा)

मूस एकदाच वापरायची. मग तिचं काय करायचं? घर बांधायचं! तिथल्या जुन्या भिंतींत विटांच्या जागी मुशीच रचल्यात. मी एका भिंतीपुढे उभा राहून मोजायला लागलो. शंभराच्या पुढे गेलो नि शेळी आडवी आली. पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात घरातली आजी बाहेर आली. तिला वाटलं, हा घरपट्टीवाला. शहानिशा झाल्यावर खाट टाकली, चूल फुंकायला बसली. चार वाळक्या काटक्या होत्या. म्हटलं, आजी, लाकूडफाटा कुठून आणता? तिने डोंगराकडे हात केला नाही, डोंगराच्या पलीकडे केला.

आता, खाणीनेच सगळं रान खाल्लं असं मी म्हणत नाही. मागे एकदा तसं छापून आलं आणि मला पत्रं आली. मी इतकंच म्हणतो की राण्यांची नावं सांगताना मोळीवाल्यालाही एक ओळ द्या. भट्टी रात्रंदिवस काय वाऱ्यावर चालली?

घंटा झाली? अहो, अजून खाणीत उतरलोच नाही! दोन मिनिटं. खडक फोडायचा कसा? लाकडाची रास रचून पेटवायची. तापून तडकला की खणायचा. आत शिड्या, मचाणं लाकडाची. जावरमालाच्या खाणीत सापडलेली लाकडं दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. भट्ट्या उजेडात आल्या त्या १९८०च्या दशकात; ब्रिटिश म्युझियमचे क्रॅडॉक आणि आपल्या सयाजीरावांच्या नावाच्या बडोद्याच्या विद्यापीठातले हेगडे, हिंदुस्तान झिंकच्या सोबतीने. त्यावर तासभर बोलायचं होतं, ते राहिलं.

काय म्हणालात? भिंतीत किती निघाल्या? दोनशेच्या पुढे गेलो होतो, तेवढ्यात आजी म्हणाली, चहा निवतोय.